एलिसापीच्या मामाचा फोटो

आमच्या घरी संध्याकाळी चूल पेटणार की नाही, हे मटक्याच्या आकड्यावर ठरायचं. आकडा लागला नाही तर वडील हातभट्टीची पिऊन यायचे. लागला तरी पिऊनच यायचे, फक्त येताना सुके बोंबील घेऊन यायचे. आम्ही वडार. सोलापूरच्या बाहेर खाणीला लागून आमची वस्ती. वडील दगड फोडायचे, आई पाटे-वरवंटे आणि जाती घडवून डोक्यावरून दारोदार विकायची. घरात ज्वारीचं पीठ दिसलं की वडील ते भट्टीवाल्याच्या घरी पोचवून त्याच्या बदल्यात पिऊन यायचे. म्हणून आई पिठाची पिशवी जमिनीत खड्डा करून ठेवायची आणि वर न विकलेलं जातं सरकवायची. प्यालेल्या माणसाला जातं उचलत नाही.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना वडील सिव्हिल हॉस्पिटलात लिव्हरच्या आजाराने गेले. तेरावा झाल्यावर वस्तीतल्या बायकांनी भट्टी फोडली. पहारी आणि घण आमच्या घरात होतेच, बाहेरून काही आणावं लागलं नाही. पुढे मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि सोलापुरातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात लागले. वस्तीतली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी कुठेही, कुणाहीपुढे सांगते. ज्यांच्या घरात पणजोबापासून डिग्र्या आहेत त्यांना यात सांगण्यासारखं काय, असं वाटतं. वाटू दे.

एक्याण्णव साली केंद्रातर्फे मला इंग्लंडला लीड्समध्ये सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय व्यसनांचाच, दारू, जुगार, गोळ्या. परत आल्यावर सगळे विचारतात, राणीचा राजवाडा पाहिलास का? पाहिला नाही. जे पाहिलं ते लिहिते.

हाउन्सलो

पहिले दोन दिवस लंडनच्या विमानतळाजवळ, हाउन्सलोला सुधाताईंकडे राहिले. आमच्या संचालकांच्या त्या मावसबहीण. यजमान डॉक्टर, वीस वर्षं तिथल्या हॉस्पिटलात. घर नीटनेटकं, दर तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान. विमान गेलं की बोलणं जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू करायचं, ही तिथली रीत. मी तासाभरात शिकले.

सुधाताईंनी वरण-भात, बटाट्याची भाजी केली होती. आडनाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी "अच्छा" म्हटलं आणि मला आणखी वरण वाढलं. तशा चांगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला हाय स्ट्रीटवर घेऊन गेल्या. पंजाबी मिठाईवाला, साड्यांचं दुकान, आणि त्याच्या शेजारी एक दुकान, काचा दुधाळ, आत काय चाललंय दिसू नये अशा. बाहेर चार-पाच आपल्यासारख्या तोंडाचे म्हातारे सिगारेटी ओढत उभे. हे काय, म्हणून विचारलं. बेटिंग शॉप, घोड्यांवर पैसे लावतात, त्या म्हणाल्या. मटक्याचा अड्डा परवाना घेऊन, पोस्टाच्या शेजारी, राजरोस.

"आपल्या लोकांत नाही हो असलं," सुधाताई म्हणाल्या. "ही सगळी लेबर म्हणून आलेली मंडळी."

त्यांची मुलगी रेवा सोबत होती, चौदा-पंधरा वर्षांची, तिथेच जन्मलेली. ती म्हणाली, "पण मम्मी, बाबा पण जातो ना सॅटर्डेला. तुझा पण घोडा सिलेक्ट केला होता त्याने, ग्रँड नॅशनल रेसला."

"ते वेगळं," सुधाताई म्हणाल्या. "ती हौस आहे."

मी पाहुणी होते. पण मनात म्हटलं, डॉक्टरने लावला तर हौस, खाणीत राबणाऱ्याने लावला तर व्यसन. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण मला तिथेच, मिठाईच्या दुकानासमोर फुकट मिळालं होतं.

लीड्स

लीड्स मला आवडलं. काळ्या पडलेल्या दगडांच्या मोठमोठ्या इमारती. इतरांना त्या उदास वाटतात, मी टाकीचे घाव बघत फिरायचे. कुणीतरी हात दुखेपर्यंत बसून घडवलाय तो दगड. थंडी मात्र कपड्याच्या आतून यायची. हॉस्पिटलला लागून जुनं नर्सेस होस्टेल होतं, तिथे आम्हा बाहेरून आलेल्यांना खोल्या दिल्या होत्या. मजल्यावर एक स्वयंपाकघर. तिथे पहिल्याच दिवशी एक धिप्पाड, लालसर केसांची बाई भेटली. मॉरीन तिचं नाव, त्याच हॉस्पिटलातली नर्स, आमच्याच कोर्सला बसलेली. कॅन्टीनमध्ये वाढणारीने मला ग्रेव्ही हवी का म्हणून विचारलं तेव्हा मी आपली नेहमीसारखी मान डोलावली, आणि हो की नाही ते न कळून ती पळी हातात धरून थांबली. मॉरीन मागून ओरडली, "तिचं डोकं मानेवर सैल बसवलंय, लव्ह, तू वाढ." तिकडे 'लव्ह' कुणालाही म्हणतात, बस कंडक्टरलाही.

दुसरी भेटली एलिसापी. ती कॅनडाच्या अगदी उत्तरेची, इनुइट. आपण शाळेच्या पुस्तकात 'एस्किमो' म्हणून वाचलं ते हे लोक. ते नाव त्यांना आवडत नाही, तर आपणही ते टाकावं. वय चाळीसच्या आसपास, ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. तिच्या गावात ती दारू सोडवण्याचं काम करायची.

पहिल्या रविवारी मी गुजराती दुकानातून बेसन आणून पिठलं केलं, जाडजूड भाकऱ्या थापून तव्यावर भाजल्या. गव्हाच्या, कारण ज्वारी मिळाली नाही. तिला ताट दिलं. विचारलं, फार तिखट झालंय का? तिने नाक मुरडलं.

माझ्या अंगाची लाही झाली. शाळेत आमच्या डब्याकडे बघून नाकं मुरडणाऱ्या मुली मी विसरलेले नाही. आमच्यात डुक्कर खातात, घूस खातात, म्हणून माझ्या शेजारी कुणी बसत नसे. आता ही सातासमुद्रापलीकडून येऊन नाक मुरडते. मी तिच्यासमोरचं ताट ओढलं. तिने ते धरून ठेवलं. दोघी ताट ओढतोय, आणि मॉरीन दारात उभी राहून बघतेय.

मग उलगडा झाला. त्यांच्यात भुवया वर केल्या की 'हो', आणि नाक आक्रसलं की 'नाही'. तोंड उघडायची गरजच नाही. तिखट झालंय का, तर नाही. भाकरी आणखी हवी का, तर भुवया वर. ताट पुसून खाल्लं तिने. पुढच्या आठवड्यात बाजारातून बांगडे आणून, अर्धचंद्रासारख्या सुरीने त्यांचे पातळ काप करून कच्चेच मला वाढले. खाल्ले मी. थंडगार, स्वच्छ चव. तुला आवडलं का, म्हणून विचारलं तर मी भुवया वर केल्या, आणि ती पहिल्यांदा मोठ्याने हसली.

तिसऱ्या आठवड्यात डॉ. पेम्बर्टन यांचा तास होता. कोर्सचे ते प्रमुख. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. स्वतः चहा करून पाजायचे, माझं नाव नीट उच्चारता यावं म्हणून दोनदा म्हणून बघायचे. त्या दिवशी पडद्यावर एक फोटो आला. बर्फ, दुकानाच्या लाकडी पायऱ्या, आणि पायऱ्यांशी एक माणूस आडवा पडलेला, टोपी एकीकडे, बाटली एकीकडे. डॉक्टर म्हणाले, संस्कृती तुटली की माणसाचं काय होतं ते बघा. मग पत्त्यांचे डाव, बिंगो, पेट्रोलचा वास घेणारी पोरं असं ते बोलत गेले. वर्गातले सगळे हळहळले. मी एलिसापीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत नव्हती. खिडकीकडे बघत होती.

व्हिटबी

पुढच्या रविवारी मॉरीन आम्हाला तिच्या खटारा गाडीतून व्हिटबीला घेऊन गेली. समुद्रावरचं गाव. तिची आई तिथे राहते. वाटेत माळरान, जांभळट-करडं, झाड नाही. एलिसापीने काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून बसली. एवढी जागा बघायला मिळाली नव्हती म्हणाली, आल्यापासून.

गावात पाऊस. मासे आणि बटाट्याच्या जाड फोडी कागदात बांधून देतात त्या उभ्याने खाल्ल्या. माझ्या कागदावर समुद्रपक्ष्याने झडप घातली आणि आख्खा मासा नेला. त्याच्यापुढे आपला कावळा लाजरा. पावसातून आडोशाला आम्ही मॉरीनच्या आईला भेटायला किनाऱ्यावरच्या बिंगोच्या हॉलमध्ये शिरलो. बिंगो म्हणजे आपल्याकडचा हौजी. म्हाताऱ्या रांगेने बसलेल्या, माईकवर एकजण आकडे ओरडतोय. मला मटक्याचा अड्डा आठवला. मी दाराशी उभी राहिले. एलिसापी मात्र शांतपणे बसली. आमच्याकडे बिंगो रेडिओवर असतो, म्हणाली. आख्खं गाव घरात बसून एकाच वेळी खेळतं, कान कुठे बंद करणार?

मॉरीनच्या आईला बाथरूमला जायचं होतं. तिने आपलं कार्ड एलिसापीपुढे सरकवलं, बघ जरा म्हणाली, आणि नेमकं त्याच वेळी ते कार्ड पूर्ण भरलं. बक्षीस बिस्किटांचा भला मोठा डबा. एलिसापीने तो उघडला आणि उठून टेबलाभोवती फिरत प्रत्येकीपुढे बिस्किटं ठेवत गेली, ओळखीची, अनोळखी, आकडे ओरडणाऱ्यालासुद्धा. म्हातारी परत आली तेव्हा डब्यात तळाला दोन उरली होती.

"अगं, तो डबा माझा होता ना," ती म्हणाली.

"हो, म्हणूनच तुझ्या नावाने वाटला," एलिसापी म्हणाली.

म्हातारी डब्यात बघून इतकी हसली की पुढचे दोन आकडे कुणालाच ऐकू गेले नाहीत.

नंतर टेकडीवर गेलो. तिथे देवमाशाच्या जबड्याच्या दोन हाडांची कमान उभी केलेली आहे, खालून माणसं फोटो काढतात. या गावातून पूर्वी देवमाशांच्या शिकारीला उत्तरेकडे जहाजं जायची. एलिसापीने हाड निरखलं. हा आमच्याकडचा मासा नाही, आमच्याकडच्याचं हाड याहून मोठं असतं, म्हणाली. मग भिंतीला टेकून तिने सांगितलं. तिच्या आजीला पत्ते खेळायला शिकवले ते अशाच जहाजांवरच्या लोकांनी. रमही त्यांनीच आणली. आजीच्या काळात जिंकेल त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं, सीलची शिकार वाटतात तसंच. हरला म्हणून कुणी उपाशी झोपायचं नाही. पुढे सरकारने तंबूत राहणाऱ्यांना उचलून एका जागी घरं बांधून वसवलं, शिकार सुटली, विमानाने बाटल्या येऊ लागल्या. मग जिंकणारा एकटाच बाटली घेऊन जाऊ लागला आणि हरणारा पोरांच्या दुधाचे पैसे डावावर लावू लागला. "मीही खेळायचे," ती म्हणाली. "दोन दोन दिवस उठायचे नाही."

आणि मग, समुद्राकडे बघत: "तो पायऱ्यांवरचा माणूस माझा मामा आहे. आईचा भाऊ. ज्योआनासी."

ती सांगत राहिली. कुणी संशोधक एकदा गावात आला होता, त्याने काढला असणार. माझी मुलगी जन्मली त्या वर्षापासून मामाने थेंब घेतला नाही. गावात दारू येऊ द्यायची की नाही यावर आमच्याकडे मतदान झालं, तेव्हा घरोघरी जाऊन नको म्हणून सांगणारा तोच. वास घेणाऱ्या पोरांना महिना महिना बर्फावर तंबूत नेऊन शिकार शिकवतो तो. आणि इथे तो अजून पडलेलाच आहे.

तू डॉक्टरांना सांगितलंस का, मॉरीनने विचारलं. एलिसापीने नाक आक्रसलं. त्यांच्यात मोठ्या माणसाला तोंडावर चूक म्हणणं असभ्य. मी म्हटलं, आमच्यातही तसंच होतं, म्हणूनच भट्टी वीस वर्षं चालली.

पुन्हा लीड्स

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांचं मोठं भाषण होतं. कौन्सिलची माणसं, दुसऱ्या हॉस्पिटलांतले डॉक्टर येणार होते. आदल्या दिवशी वर्गात त्यांनी स्लाइड लावून पाहिल्या. तो फोटो आला तेव्हा ते थांबले आणि अगदी सभ्यपणे एलिसापीला म्हणाले, हा उद्या दाखवला तर तुमची हरकत नाही ना, चेहरा तसाही दिसत नाही.

तिने नाक आक्रसलं. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. माझ्या बाकावरून स्पष्ट दिसलं.

"आभारी आहे," डॉक्टर म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली.

आता माझं सांगते. केंद्रातली माझी नोकरी या कोर्सच्या सर्टिफिकेटवर कायम होणार होती, आणि त्यावर सही याच डॉक्टरांची. वडील गेल्यावर घरात पगार आणणारी मी एकटी. हे सगळं मला त्या क्षणी आठवलं, नाही कशाला म्हणू? आठवलं आणि मी उभी राहिले.

"डॉक्टर, ती नाही म्हणाली," मी म्हटलं.

"ती तर काहीच बोलली नाही."

"तोंडाने नाही बोलली. तिच्या लोकांत नाक आक्रसलं म्हणजे नाही. तुम्ही या लोकांबद्दल किती वर्षं शिकवताय?"

डॉक्टर लाल झाले. विद्यार्थ्यांना वास्तव दाखवावं लागतं, म्हणाले, गोंडस चित्रं दाखवून कुणी शिकत नाही. मी म्हटलं, वास्तवच दाखवायचं तर शनिवारी पब बंद झाल्यावर हॉस्पिटलच्या दारात या, इथून चार पावलं आहे, विमानाचं तिकीटही लागणार नाही.

"माझा बॅरी दाखवा," मागून मॉरीन म्हणाली. "नवराच आहे माझा. त्याचे फोटो आहेत माझ्याकडे. चेहराही दिसतो."

दोघं-तिघं हसले. डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा एलिसापी उठली. नेहमीसारखीच हळू बोलली, पण त्या दिवशी सगळेच पुढे वाकले होते.

"हा माझा मामा आहे," ती म्हणाली. "याचं नाव ज्योआनासी. आमच्या गावात दारू आहे, जुगार आहे, पोरं मरतात. हे मी लपवणार नाही, मी रोज तेच काम करते. पण तो उठला, हे तुमच्या फोटोत नाही. उठलेला माणूस तुम्हाला नको असेल, तर आमच्याबद्दल बोलू नका."

डॉक्टरांनी प्रोजेक्टरचा दिवा बंद केला. उद्या बघू, एवढंच म्हणाले आणि स्लाइडची पेटी उचलून गेले.

मॉरीनने आम्हाला चहा करून दिला, त्यात तीन चमचे साखर. सर्टिफिकेट गेलं समज, मी म्हटलं. एलिसापीने माफी मागितली नाही, मीही मागू दिली नसती. वस्तीतल्या बायका भट्टी फोडायला निघाल्या तेव्हा कुणी कुणाची माफी मागत बसलं नव्हतं. मी तिला सांगितलं, गेलं तर गेलं, खाण आहे. आईला दोन हातांची गरज असतेच.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. सूट, टाय, कॉफीचा वास. स्लाइडमागून स्लाइड जात होती. एलिसापीच्या लोकांचा विषय आला आणि यंत्राने खट् केलं. पडद्यावर काहीच नव्हतं. नुसता पांढरा चौकोन, डोळे दिपवणारा. डॉक्टरांनी ती जागा रिकामी ठेवली होती. पण रिकाम्या पडद्यावरही ते बोलायला लागले, संस्कृती तुटली की वगैरे. एलिसापी पहिल्या रांगेतून उठली, पुढे गेली आणि त्या उजेडात जाऊन उभी राहिली. तिची ठेंगणी सावली पडद्यावर पडली. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माईक तिच्या उंचीला खाली केला आणि खुर्चीवर जाऊन बसले. मी म्हटलं ना, वाईट माणूस नव्हता.

ती बोलली. रेडिओवरच्या बिंगोबद्दल, विमानातून उतरणाऱ्या खोक्यांबद्दल, मतदानाबद्दल, तंबूत नेलेल्या पोरांबद्दल, आणि त्यातली जी परत प्यायला लागली त्यांच्याबद्दलही. काही झाकलं नाही. मग तिने मला खूण केली. मी गेले, आणि माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत वडिलांबद्दल, जात्याखालच्या पिठाबद्दल आणि पहारींबद्दल सांगितलं. एका साहेबांनी शेवटी विचारलं, अशा समाजांना मदत करायची तर आम्ही सुरुवात कुठून करावी?

"आधी विचारा," एलिसापी म्हणाली. "आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघा."

सर्टिफिकेट मिळालं. सही डॉक्टरांचीच. माझी नोकरी त्या वर्षी कायम झाली. मॉरीनने नंतर कळवलं, ज्योआनासीचा तो फोटो कोर्समधून कायमचा काढून टाकला, आणि पुढच्या वर्षी तो तास डॉक्टरांनी घेतला नाही. तो तास घ्यायला एलिसापीच्या गावाहून माणूस बोलावला. ज्योआनासी स्वतः आला होता.